एक पिशवी हिरवं

कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात माझी एक पिशवी आहे. तिच्यात नुसते हिरवे तुकडे. लाल, निळे, पिवळे तुकडेही घरात येतात, पण ते टिकत नाहीत. कशाची नाडी होते, कशाने मिक्सर पुसला जातो. हिरवं मात्र साठत जातं, कारण मराठी घरात हिरवा रंग कुणी विकत आणत नाही, तो आपोआप येतो. लग्नात चुड्याबरोबर हिरवी साडी येते, डोहाळजेवणाला येते, आणि मग जन्मभर ओटीतून ब्लाऊजपीस येत राहतात. दहातले सहा तरी हिरवे.

ओटीतला ब्लाऊजपीस शिवायचा नसतो, हे नव्या नवरीला कुणी सांगत नाही. मी पहिले दोन शिवून घेतले तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. तो फिरवायचा असतो. भांडुपहून निघालेला पीस ठाणे, डोंबिवली, बदलापूर करून दोन-तीन वर्षांनी सुखरूप परत येतो. घडी तीच, टाचणी तीच, कधीकधी आत अडकलेला तांदळाचा दाणाही तोच. जिने दिला तिलाच चुकून परत जाऊ नये म्हणून मी कोपऱ्यात बॉलपेनाने बारीक नोंद करते. आमच्या मजल्यावर या सवयीची थोडी चेष्टा होते, पण माझ्याकडून आजवर एकही पीस उलटा गेलेला नाही. निदान मला तसं वाटायचं.

यंदा पिशवीचं तोंड बांधता येईना, त्याला आमच्या गल्लीतले मास्टर कारणीभूत. ब्लाऊज आणायला गेले तर त्यांनी टेबलाखालून एक गाठोडं ओढलं. ‘मॅडम, आपका हरा निकालके रखा है.’ नवरात्र होऊन गेलं होतं. नवरात्रात मुंबईतले टेलर वारांच्या हिशेबाने कापतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा. वर्तमानपत्रात यादी छापून येते आणि अख्खी लोकल त्या रंगाची होते. म्हणजे एका शुक्रवारसाठी आठवडाभर हिरवं कापलं जातं. ऐंशी सेंटिमीटरच्या पिसातून ब्लाऊज निघाला की बगलेखालची चंद्रकोर, गळ्याचा गोल आणि बाहीच्या कडेची पट्टी उरते. एरवी हे सगळं झाडूबरोबर जातं. मी दोन वर्षांपूर्वी एकदा मागितलं होतं, मास्टरांनी ते लक्षात ठेवलं. असली आठवण ठेवणारा माणूस ब्लाऊज मात्र कधी सांगितल्या दिवशी देत नाही, पण तो विषय वेगळा.

गाठोडं घेऊन घरी आले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वरून खाली बघितलं.

‘एवढ्या चिंध्यांचं काय करणारेस?’

‘गोधडी, आई. सगळी हिरवी.’

‘सगळी हिरवी? अगं, वाकळ आहे की परकर, मॅचिंग करायला?’

त्या साताऱ्याकडच्या. गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळीत रंग बघायचा असतो हेच त्यांना मान्य नाही. घरात जे फाटलं ते आत गेलं, असा त्यांचा हिशेब. धोतर, लुगडं, पोरांचे सदरे. रंग जसा येईल तसा.

रविवारी दुपारी सगळे पांगल्यावर मी पलंगावर पिशवी आणि गाठोडं दोन्ही उपडं केलं. आमचा हॉल इतकाच आहे की सोफा भिंतीला लावल्याशिवाय जमिनीवर गोधडी मावत नाही, म्हणून निवडण्याचं काम पलंगावर. नवरा दारातून डोकावला आणि ‘हे तर सगळं एकच आहे’ म्हणून गेला. पहिली पाच मिनिटं मलाही तसंच वाटलं. मग ढीग पडायला लागले. पोपटी, पिस्ता, शेवाळी, मेंदी, चटणी. मॅचिंग सेंटरवाले ज्याला ‘बॉटल’ म्हणतात तो गर्द. ‘रामा’ म्हणतात तो निळ्याकडे झुकलेला. मोरपंखी. आणि एक सालीखालच्या कैरीसारखा, ज्याला नाव नाही पण तो दिसला की तोंडाला पाणी सुटतं.

अर्ध्या तासानंतर गंमत झाली. हिरवा दिसेनासा झाला. सगळंच हिरवं म्हटल्यावर डोळ्यांनी तो हिशेबातून काढूनच टाकला, आणि मग बाकीचं दिसायला लागलं. रुबिया कशी मंद असते, सॅटिनचा तुकडा कसा उगाच चमकतो, खणाच्या कापडावरची बारीक बुट्टी जवळ धरली की दिसते आणि हात लांब केला की विरते. टू बाय टू रुबिया, म्हणजे जिच्या उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांना दोन-दोन पदरांचा पीळ असतो, ती बोटाला टू बाय वनपेक्षा भरीव लागते. हे मी वीस वर्षं काउंटरवर नुसतं ऐकत होते, पहिल्यांदा हाताला कळलं. चार रंगांच्या ढिगात हे कधी कळलं नसतं. तिथे लाल असा काही ओरडतो की शेजारी कोण बसलंय ते बघायला सवडच मिळत नाही.

एकाच रंगाची गोधडी करायची तर रंग सोडून द्यावा लागतो आणि गडद-फिकं धरावं लागतं. ते डोळ्यांना चटकन कळत नाही. पोपटी इतका भडक असतो की तो फिका आहे हेच विसरायला होतं. भर उजेडात आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळसर हिरवा, म्हणजे जवळजवळ आपला पोपटीच. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मोबाइल. तुकडे पसरायचे, फोटो काढायचा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. मेंदी आणि रामा, जे पलंगावर एकमेकांशी भांडत होते, ते फोटोत एकाच राखाडीचे निघाले. शेजारी शेजारी लावले असते तर लांबून एक मोठा डाग दिसला असता. मग एक इकडे, एक तिकडे, मध्ये पिस्ता.

दुसरी अडचण उजेडाची. रात्री ट्यूबलाइटखाली जुळवलेली जोडी सकाळी खिडकीत नेली तर फुटलेली. दोन कापडं एका उजेडात एकसारखी दिसतात आणि दुसऱ्यात वेगळी, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगवेगळी असतात आणि रंग जुळतो तो फक्त त्या उजेडापुरता. दादरच्या मॅचिंग सेंटरमधल्या पोऱ्याला हे शास्त्र कुणी शिकवलेलं नसतं. पण तो साडीचा पदर आणि रुबियाचं ठाण दोन्ही घेऊन फेरीवाल्यांच्या गर्दीत रस्त्यावर उतरतो आणि म्हणतो, ‘ताई, बाहेर बघून घ्या.’

शुक्रवारच्या लोकलमध्ये तर हा वाद रंगतोच. लेडीज डब्यात शंभर बायका हिरव्यात, आणि त्यांत दोन हिरवे सारखे नाहीत. कुणीतरी मोरपंखी नेसून चढते आणि खिडकीतून निकाल लागतो, ‘हे आज चालत नाही हं, मोरपंखीचा दिवस वेगळा.’ काही वर्षी तो खरंच वेगळा असतो. मागच्या वर्षी मीही अशीच पकडले गेले होते. घरातल्या दिव्यात ती साडी चक्क हिरवी होती.

हिरव्याचं हे धरसोडपण जुनंच आहे. झाडापाल्याने जग हिरवं आहे, पण झाडापाल्यातून कापडाला टिकाऊ हिरवा सहजी मिळत नाही. रासायनिक रंग येण्याआधी रंगारी कापड आधी निळीत बुडवायचे आणि मग त्यावर हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवायचे. हिरवा हा तेव्हा दोन घाण्यांचा माल. त्यातली हळद किती टिकते ते कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. वरणाचा डाग साबणाने जात नाही आणि दोरीवर उन्हात टाकला की दोन दिवसांत उडतो. तसाच त्या कापडातला पिवळा आधी उडायचा आणि नीळ मागे राहायची. म्हणून जुनी हिरवी वस्त्रं निळी पडतात.

तुकडे शिवायच्या आधी धुवायचे, हा नियम मी पाळला. म्हणजे नको तिथे पाळला. सगळे एकदम एका बादलीत भिजवले. एका गर्द तुकड्याने रात्रभरात बादलीचा पालक केला. आई म्हणाल्या, मिठाच्या पाण्यात टाकायचे होतेस. हे मीठ मी खूप वर्षं इमानाने टाकत आले होते. खरं तर कापड रंगवताना मिठाचा उपयोग आहे, त्याने रंग पाण्यातून धाग्यावर ढकलला जातो. एकदा रंगवून विकलेल्या, कच्च्या रंगाच्या कापडाला नंतर मिठाने पक्कं करता येत नाही. पण त्या दिवशी काही बिघडलंच नाही. हिरव्याचा रंग हिरव्याला लागला, पिस्त्याचा थोडा मेंदी झाला, बस. चुकून आत राहिलेला एक पांढरा अस्तराचा तुकडा तेवढा कामी आला, आणि तोही आता हिरव्यांतच मोडतो.

शिवण्याची पद्धत आईंची. खाली त्यांच्या दोन जुन्या सुती साड्या, वर तुकडे. कापून चौकोन करायला त्यांनी साफ नकार दिला. चंद्रकोर ती चंद्रकोर, कड दुमडून तशीच लावायची. काठापासून सुरुवात, धावदोऱ्याने चारी बाजूंनी फिरत फिरत आत. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. कर्नाटकात उत्तर कन्नडकडच्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात, ती अशीच काठाकडून मध्याकडे जाते, आणि तिच्या चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं असतात. मी मोबाइलवर फोटो दाखवले. आईंनी बोटांनी मोठे करून टाके तपासले, ‘बरे आहेत’ म्हणाल्या आणि आमच्या वाकळीच्याही चारी कोपऱ्यांवर एकेक पोपटी त्रिकोण ठेवला. परवानगी वगैरे काही नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना दोरा ओवता येत नाही, म्हणून मी सकाळी ऑफिसला निघताना आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. संध्याकाळी आल्यावर सुया रिकाम्या आणि गोधडी वीतभर आत सरकलेली. त्यांचे टाके तांदळाएवढे, माझे शेंगदाण्याएवढे. कुठे कोण बसलं होतं ते अजून ओळखू येतं.

मधला भाग भरायला आला तेव्हा तुकडे कमी पडले. मी कपाटातले फिरते ब्लाऊजपीस काढले. आईंना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांनीच पहिला फाडला. चर्र आवाज झाला आणि आम्ही दोघी हसलो. तिसरा पीस उलगडला तर कोपऱ्यात बॉलपेनाची नोंद होती, ‘तळमजला, ओटी, २०१६’. अक्षर माझं. म्हणजे तळमजल्याने दिलेला पीस मी नोंद न बघता पुढे दिला होता आणि तो कुठे कुठे जाऊन माझ्याच ओटीत परत पडला होता. वाटेत तो तळमजल्यावर थांबला होता का, आणि तिथे ते अक्षर कुणी वाचलं का, हे विचारायची सोय नाही. जिन्यात रोज गाठ पडते आमची.

मी गुपचूप तो तुकडा अक्षर खाली जाईल असा टाचला. रात्री बघितलं तर आईंनी उसवून उलटा केलेला, आणि नोंद वर, अगदी मधोमध.

‘अहो आई, दिसतंय ते.’

‘दिसू दे,’ त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, ‘आता तरी कुणाच्या ओटीत जायचा नाही.’