भेगेतून वर आलेले बुडबुडे

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका मळ्यात, फाटकापासून घराच्या पडवीपर्यंत जाणाऱ्या डांबरी वाटेच्या भेगा बुजवण्याचे काम दोन वर्षांपूर्वीच्या माघ महिन्यात माझ्याकडे आले. मी बेळगावच्या उद्यमबागेतून चार माणसांची टोळी घेऊन अशीच कामे करतो. घरमालक निवृत्त शिक्षक, सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांनी आधी एका गवंड्याकडून भेगांत पातळ सिमेंट ओतून घेतले होते आणि वर्षभरातच त्याचे तुकडे सुटून वर आले होते. मला त्याचे नवल वाटले नाही. खानापूरकडे जांभ्याची तांबडी जमीन आहे, इकडे मात्र काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्या पाठीवरचा डांबराचा थर दरवर्षी तिच्याबरोबर हलतो. अशा हलत्या भेगेत ताणले जाणारे आणि पुन्हा मिटणारे काहीतरी लागते, म्हणून आम्ही रबरमिश्रित डांबराचे सीलंट गरम करून ओततो.

फाटकाजवळ, जिथे उसाचे ट्रॅक्टर वळतात, तिथे मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली होती. तीही भरून टाका, असे गुरुजींचे म्हणणे होते. मी नकार दिला, कारण जाळी पडली म्हणजे खालचा खडीचा थरच खचलेला असतो आणि तिच्यावर सीलंट ओतणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणे आहे. तेवढा भाग उकरून नव्याने करावा लागेल, हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले.

लांबट भेगांचे काम मात्र आमचेच होते. त्या 8 ते 20 मिलिमीटर रुंद होत्या. सकाळी आठला बॉयलर पेटवला. त्याला दुहेरी भिंत असते आणि मधल्या पोकळीत तेल असते. जाळ तेलाला लागतो व तेल सीलंटला तापवते. थेट जाळावर ठेवले तर तळाचा माल करपतो आणि करपलेला माल भेगेत बसला तरी ताण सोसत नाही. काटा 190 अंशांवर येईपर्यंत मुलांनी सिमेंटचे उरलेसुरले तुकडे काढले, तारेच्या ब्रशने भेगांच्या कडा घासल्या आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवली. त्यानंतर रात्रीचे दव गरम हवेच्या नळीने सुकवले. या तयारीत आमचा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ जातो, आणि तो जायलाच हवा, कारण धुळीवर किंवा ओलीवर ओतलेले सीलंट भेगेच्या कडेला चिकटत नाही.

पहिले वीस-बावीस मीटर काम मनासारखे झाले. तळापासून वर येईल अशा बेताने माल ओतायचा, मागून रबरी पट्टीने सपाट ओढायचा आणि चाकाला चिकटू नये म्हणून वर बारीक कच भुरभुरायची, अशी लय लागली होती. जांभळाच्या झाडाजवळ पोहोचलो तेव्हा ओतलेल्या काळ्या, तुकतुकीत पट्टीवर वाटाण्याएवढा फुगा आला आणि फुटला. त्याच्या शेजारी दुसरा आला, मग चार-पाच एकदम आले. ओतणारा मुलगा हुक्केरीकडचा, तो ओरडला, "नीर अदरी!" पाणी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याची वाफ होताना ते सोळाशेपटींहून अधिक फुगते, त्यामुळे 190 अंशांच्या डांबराखाली सापडलेला थेंबही उसळतो. तसा एक शिंतोडा त्याच्या हातमोज्याच्या वर, मनगटावर बसला. त्याची बाही वर सरकलेली होती आणि ते माझ्या लक्षात यायला हवे होते. चिकटलेले डांबर आम्ही ओढून काढले नाही, कारण त्याबरोबर कातडीही निघते. वीस मिनिटे मनगटावर गार पाणी ओतत राहिलो आणि मग त्याला निपाणीला डॉक्टरांकडे पाठवले. जखम वरवरची निघाली, पण तो परत येईपर्यंत मी बॉयलरचा नळ उघडू दिला नाही.

फसलेला माल खरवडून काढला आणि तेवढा चार फुटांचा तुकडा गरम हवेने पुन्हा सुकवला. दहा मिनिटांत भेगेच्या कडा पुन्हा गडद झाल्या. दव असते तर एकदा सुकल्यावर ते परत आले नसते. तारेला सुती चिंधी गुंडाळून मी ती भेगेत वीतभर खाली सोडली. वर काढली तेव्हा ती चिंब होती आणि काळ्या चिकणमातीने माखलेली होती. गुरुजी म्हणाले, "पाऊस जाऊन चार महिने झाले की ओ, पाणी येईल कुठनं?"

विहिरीवरून घराकडे जाणारा पाइप वाटेखालून कुठे जातो, असे मी विचारले. त्यांनी जांभळाकडे बोट दाखवले आणि मग थोड्या वेळाने आपण होऊनच सांगितले, की रात्री भरलेली गच्चीवरची टाकी हल्ली सकाळी चार बोटे उतरलेली असते. टाकीतून विहिरीकडे पाणी परत येऊ नये म्हणून बसवलेली झडप बहुधा नीट बसत नव्हती. घराजवळचा व्हॉल्व्ह बंद करून, डांबर न फोडता, आम्ही वाटेच्या कडेची माती दोन फूट खणली. तिथून ओल वाटेखाली जाताना दिसली. माती हाताला लोण्यासारखी लागत होती आणि चार हातांवरची माती ढेकळासारखी कडक होती. एका बाजूने फुगलेली व दुसऱ्या बाजूने आकसलेली जमीन वरच्या थराला ओढत होती, म्हणूनच तिथली भेग सगळ्यात रुंद होती. गुरुजी खड्ड्याच्या काठावर बसून बराच वेळ ती माती बोटांनी चोळत राहिले.

ती जागा मी उघडीच ठेवली आणि बाकीची भेग संध्याकाळपर्यंत पुरी केली. त्या रात्री मिटलेल्या व्हॉल्व्हमुळे टाकी उतरली नाही. नळकाम करणाऱ्याने आठवड्याभरात वाटेखालचा सुटलेला सांधा बदलला, झडप नवी बसवली आणि चर खडी व डांबराने बुजवला. जमीन लगेच सुकत नाही, म्हणून मी महिनाभर थांबलो. नंतर जाऊन आधी चिंधी सोडली, ती कोरडी आली, तेव्हाच माल ओतला. मनगटावर गुलाबी डाग उरलेला तोच मुलगा, या वेळी कोपरापर्यंत बंद बाहीने, पट्टी थंड होईपर्यंत तिच्याकडे वाकून पाहत होता. पुढच्या श्रावणात मी त्या रस्त्याने जाताना थांबलो. पट्टी धरून होती, फक्त नव्या चराच्या कडेने केसाएवढी फट पडली होती. माती अजून बसते आहे, येत्या माघात तेवढी फट भरून देतो, असे गुरुजींना सांगून मी पुढे निघालो.