शेडखालचे बिऱ्हाड

न्यू जर्सीतील आमच्या घरामागे अवजारांची शेड आहे आणि तिच्याखाली गेली दोन वर्षे एका ग्राउंडहॉगचे बिऱ्हाड आहे. खारीच्या कुळातला, पण मांजराहून जाड असा हा तपकिरी प्राणी मागच्या पायांवर उभा राहतो, पुढच्या दोन्ही पंजांत माझ्या फरसबीचे पान धरतो आणि मी खिडकी वाजवली तरी चावणे थांबवीत नाही. अगदीच भीती वाटली तर एक कर्कश शिटी घालून तो बिळात शिरतो. त्याचे डोळे आणि कान डोक्याच्या इतके वरच्या बाजूस आहेत, की बिळातून जेमतेम कपाळ बाहेर काढून तो साऱ्या परसाची पाहणी करू शकतो.

बिळाचे बांधकाम मात्र कौतुकाचे आहे. पुढच्या दाराशी मातीचा ढीग असतो. पळवाटेचे दार आतून कोरलेले असल्यामुळे बाहेर मातीचा कणही पडत नाही, आणि गवतात ते सापडतही नाही. (मला सापडले ते पाय आत गेल्यावर.) निजण्याची खोली वाळक्या गवताने मऊ केलेली असते, तर शौचाची खोली वेगळी.

धान्याची कोठी तेवढी या घरात नाही. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी डब्यांत भरतात, हा ती अंगावर चढवतो. क्लोव्हर, गवत आणि माझी फरसबी यांची चरबी झाली, की ऑक्टोबरच्या सुमारास निजण्याच्या खोलीचे तोंड मातीने बुजवून तो गोल वेटोळे करतो. एरवी मिनिटाला 80 च्या पुढे पडणारे हृदयाचे ठोके 10 च्या आत येतात आणि अंग 10 अंश सेल्सिअसच्याही खाली गार पडते. ही झोप सलग मात्र नसते. अधूनमधून अंग तापवून तो जागा होतो आणि पुन्हा निजतो.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, पंक्सटॉनी या गावी, 1887 पासून 2 फेब्रुवारीला याच्या जातभाईला पहाटे लोकांपुढे आणतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, असे मानतात. जर्मन वसाहतकऱ्यांनी ही समजूत आणली तेव्हा जर्मनीत हा मान बॅजर या बिळात राहणाऱ्या दुसऱ्याच प्राण्याला होता. रानातला नर फेब्रुवारीत बाहेर येतो हे खरे, पण हवामानाशी त्याला कर्तव्य नसते. आसपासच्या माद्या कोणत्या बिळांत आहेत, एवढे तो पाहून ठेवतो, परत येऊन झोपतो, आणि लग्नाचे मार्चमध्ये बघतो.

गेल्या फेब्रुवारीत ताज्या बर्फावर शेडपासून कुंपणापर्यंत पंजांची एक रांग गेलेली दिसली, आणि तिच्या शेजारून दुसरी परत आलेली. मी त्या दुपारी दुकानातून तारेची जाळी आणली.