आधी काम सांगा, मग अवजार बघू

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ते सुरू केलं तेव्हा कोकण रेल्वे कागदावरच होती. माल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून कशेडीचा घाट उतरून ट्रकने यायचा. दुकानात कोयते, विळे, पहारी, कुदळी, घमेली, चुका-मोळे, बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे एवढंच असायचं. गिऱ्हाईकही ठरलेलं. पटाशी घ्यायला आलेला सुतार ती काउंटरवर हलकेच ठोकून आवाज ऐकायचा, उजेडात धरून धार बघायचा आणि पाचातली एक निवडून न्यायचा. त्याला आम्ही काय सांगणार? त्यानेच अण्णांना बरंच शिकवलं.

घरमालक आमच्याकडे फारसा यायचाच नाही. दार अडलं तर वाडीतला सुतार येऊन बघून जायचा आणि पैसे कधी लगेच मिळायचे, कधी भात झोडल्यावर. पुढे सुतारांची मुलं मुंबईला गेली, काही लोटे-परशुरामच्या कारखान्यांत लागली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि चाकरमान्यांचं गावी येणं-जाणं वाढलं. वर्षभर बंद असलेलं घर, सुट्टी चार दिवसांची आणि वायसर बदलायला प्लंबर येत नाही. मग मालक स्वतःच काउंटरवर येऊन म्हणू लागला, “एक पाना द्या.”

कुठला पाना, हे त्याला ठाऊक नसायचं. अण्णा विचारायचे, “काम काय आहे?” काही जणांना राग यायचा. माल मागितला तर माल द्यावा, चौकशी कशाला! पण या एका प्रश्नावर आमचा धंदा उभा राहिला, असं मी बिनदिक्कत सांगतो. त्या प्रश्नामुळे कितीतरी विक्री आम्ही हातची घालवली आहे. तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं, हा त्यातला हिशोब.

नळाचंच बघा. “नळ गळतोय” म्हणणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, कुठून? तोंडातून थेंब पडत असेल तर जुन्या पितळी नळात वायसर गेलेला असतो. दांड्यापाशी पाणी येत असेल तर बहुतेक वेळा तिथला नट थोडा आवळला की काम होतं, सामान काहीच लागत नाही. भिंतीपाशी पाझरत असेल तर नळ काढून टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून परत बसवायचा. आणि नवा, पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर त्यात वायसर नसतोच, पाणी उघड-बंद करणारा आतला अख्खा भाग, म्हणजे स्पिंडल, बदलावा लागतो. या सगळ्यांना मिळून घरात एकच अवजार पुरतं, ते म्हणजे गुळगुळीत जबड्याचा अ‍ॅडजस्टेबल पाना, दहा इंची. लोक मात्र मागतात पाईप पाना, कारण प्लंबरच्या हातात तो पाहिलेला असतो. त्याचे दात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप पकडायला केलेले असतात. चकचकीत नळावर तो लावला की मुलामा गेलाच. पक्कड लावली तर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग खरंच प्लंबर बोलवावा लागतो.

अ‍ॅडजस्टेबल पाना वापरायचीही एक दिशा असते. जोर पक्क्या जबड्यावर यायला हवा, म्हणजे हलणारा जबडा ज्या बाजूला आहे त्या बाजूला फिरवायचं. उलटा लावला की तो सैल पडतो, निसटतो आणि हाताची सालटी निघतात. पाना विकताना आम्ही काउंटरच्या कडेला बसवलेल्या बोल्टवर हे करून दाखवतो. आणखी एक गोष्ट दर आठवड्याला कुणाला तरी सांगावी लागते. अर्धा इंची नळाच्या आट्या बाहेरून मोजल्या तर साधारण २१ मिलिमीटर भरतात. टेप लावून “पाऊण इंची आहे हो” म्हणणाऱ्यांशी वाद न घालता आम्ही अर्धा इंची सॉकेट चढवून दाखवतो.

नट-बोल्टसाठी मात्र ठरलेल्या मापाचा पाना केव्हाही चांगला. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १०चा पाना लागतो आणि ८च्या बोल्टला १३चा. १०च्या बोल्टला जुन्या मापात १७चा, नव्यात १६चा. पान्यावर बोल्टच्या डोक्याचं माप लिहिलेलं असतं आणि लोक बोल्टची जाडी सांगतात, त्यामुळे निम्मे पाने बदलायला परत येत. आता काउंटरवर पाटी लावली आहे.

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त चुकीचं विकत घेतलं जाणारं अवजार म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. एवढी साधी वस्तू, त्यात काय बघायचं, असं प्रत्येकाला वाटतं. चपट्या स्क्रूला पातं खाचेइतकंच रुंद आणि खाच भरेल इतकं जाड हवं. अरुंद पातं खाचेचा काठ खाऊन टाकतं. फुलीच्या स्क्रूला नंबर असतो. घरातल्या बहुतेक लाकडी स्क्रूंना २ नंबर बसतो, चष्मा-खेळण्यांना ० किंवा १. २च्या जागी १ वापरला की तो आत गरगर फिरतो आणि फुलीचा खड्डा होतो. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांना जे स्क्रू येतात, त्यांच्या फुलीच्या मध्ये तिरप्या बारीक रेघा दिसतात. ती फुली वेगळी, त्याला पोझी म्हणतात. त्यात साधा फुलीचा ड्रायव्हर टेकतो, पण पूर्ण बसत नाही. जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींवरच्या स्क्रूंचंही तसंच. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर ती जपानी फुली समजावी.

गंजलेल्या स्क्रूवर आधी जोर लावायचाच नाही. टोकदार काहीतरी घेऊन खाच साफ करायची, गंज सोडवणारं तेल सोडायचं, थांबायचं, मग ड्रायव्हर बसवून मुठीवर हातोडीने दोन-चार ठोके द्यायचे आणि मगच फिरवायचं. ठोके द्यायला दांडी मुठीच्या आरपार गेलेला ड्रायव्हर लागतो, प्लास्टिकच्या मुठीचा फुटतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे ज्ञान पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही.

आणि टेस्टर हा स्क्रू ड्रायव्हर नव्हे! त्याचं नाजूक टोक स्क्रू पिळायला नसतं. टेस्टरमध्ये एक निऑन दिवा आणि मोठा रेझिस्टर असतो, बाकी काही नाही. तो पेटला नाही म्हणून तारेत वीज नाही असं धरून चालायचं नाही. आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघायचा, मग संशयाच्या जागी. पक्कडीच्या मुठीवरच्या रबरावर तर लोकांचा फारच विश्वास. ते रबर पकडीसाठी असतं. मुठीवर १००० व्होल्टची खूण असेल तरच ती वीजकामाची पक्कड, आणि तरीही मेन स्विच बंद करूनच हात घालायचा.

पक्कड घेताना आणखी एक बघायचं: घडीव की ओतीव. ओतीव लोखंडाची पक्कड दिसायला तशीच, दरात निम्मी, आणि जबड्यापाशी एक दिवस तुटते. आम्ही ती ठेवणं बंद केलं. नाशिकच्या टपारियाची आठ इंची पक्कड वर्षानुवर्षं खपते आहे. काही गिऱ्हाइकं “टपारिया द्या” एवढंच म्हणतात आणि त्यांना पक्कडच हवी असते. स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ साली ही कंपनी सुरू झाली. आम्ही त्यांचे वितरक वगैरे नाही, तेव्हा ही जाहिरात समजू नये.

भिंतीच्या बाबतीत मुंबईहून आलेल्या माणसाला आमच्याकडे नव्याने शिकावं लागतं. तिकडे काँक्रीटला ६ मिलिमीटरचं भोक आणि ६ची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग, हे गणित पक्कं असतं. इथे जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. चिऱ्यात हॅमर ड्रिल चालवलं की भोक वेडंवाकडं रुंदावतं आणि गिट्टी स्क्रूसकट बाहेर येते. आमचा सल्ला असा: हॅमर बंद ठेवायचा, सावकाश भोक पाडायचं, ६ऐवजी ८ची लांब गिट्टी घ्यायची आणि भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय ती ठोकायची नाही. वजनदार शेल्फ असेल तर जुने लोक लाकडाची गुट्टी ठोकून त्यात स्क्रू पिळत, ती पद्धत आजही नाव ठेवण्यासारखी नाही. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक असतात, तिथेही हॅमर नकोच. काँक्रीटच्या खिळ्याबद्दल एकच सांगतो. तो कडक केलेला असतो, वाकत नाही, तुटून उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा.

जुलै महिन्यात रंधा मागायला माणसं येतात. दार फुगलेलं असतं, फणसाचं असो की सागाचं. आम्ही शक्यतो रंधा देत नाही. पावसात तासलेलं दार मार्गशीर्षात बोटभर फट दाखवतं. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघायला सांगतो. ते ढिले झाले की दार खाली बसतं आणि लोकांना वाटतं फुगलं. भोक मोठं झालं असेल तर बांबूची काडी फेविकॉलमध्ये बुडवून ठोकायची, वाळू द्यायची आणि त्यातच स्क्रू परत पिळायचा. घासतंच असेल तर खडू लावून घासण्याची जागा शोधायची आणि तिथे मेणबत्ती चोळायची. दिवाळीनंतरही अडत असेल तर या, तेव्हा छोटा रंधा देऊ. दाराची वरची-खालची कड तासताना कोपऱ्याकडून आत यायचं, नाहीतर टोकाचा तुकडा फाटतो.

२००५च्या २६ जुलैला दुकानात पाणी आलं होतं. त्यानंतर भिंतीवर खूण करून महागाचा माल त्या खुणेच्या वर ठेवायची आमची रीत झाली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी त्या खुणेच्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर चिखलातून माल काढला. ड्रिल मशीन, टेस्टर, मेजर टेप टाकून दिले. पाने, पक्कडी, हातोड्या स्वच्छ पाण्याने धुतल्या, रॉकेलमध्ये बुडवल्या, तारेच्या ब्रशने घासल्या आणि तेल लावून उन्हात मांडल्या. कुठल्या कंपनीचा मुलामा किती खरा, हे त्या आठवड्यात जेवढं कळलं तेवढं कुठल्याही कॅटलॉगमधून कळलं नसतं. लाकडी दांड्याच्या हातोड्या फुगल्या आणि वाळल्यावर दांडे ढिले झाले. त्यांना पाचर मारून घेतली.

तो माल नवा म्हणून विकण्यासारखा नव्हता आणि गावाला अवजारांची गरज तर होतीच. शटर अडकलेली, कुलपं चिखलाने भरलेली, दारं उखडलेली. घासून ठेवलेली अवजारं आम्ही नेणाऱ्याला वहीत नाव लिहून तशीच देऊ लागलो. काम झालं की आणून द्या, एवढंच. बरीचशी परत आली. पुढे तोच आमच्या दुकानाचा एक भाग झाला. वर्षातून एकदा लागणारी अवजारं, म्हणजे मोठा पाईप पाना, बेसिनखालचा नट काढायचा लांब पाना, पाईप कटर, रंधा, आता अनामत ठेवून नेता येतात. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे असं आमच्या घरातच एक मत आहे. हिशोबाची वही सौ.कडे असते, त्यामुळे ते मत मी इथे नोंदवलं.

ऑनलाइन मिळणारे मोठे संच आल्यापासून लोक विचारतात, तुमच्याकडे तसा आहे का? तसा नाही. आम्ही घरासाठी एक पेटी भरून देतो. त्यात आठ इंची पक्कड, दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना, २ नंबरचा फुलीचा आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मोळे उपटता येणारी हातोडी, मेजर टेप, अ‍ॅलन कीचा जुडगा, करवतीची फ्रेम आणि २४ दाती, म्हणजे इंचाला २४ दात असलेलं पातं. पातळ पाईप कापायचा असेल तर ३२ दाती द्यायचं, कारण निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकले नाहीत तर ते अडकून तुटतात. पात्याचे दात पुढच्या बाजूला ठेवून बसवायचे. कोपऱ्यात टेफ्लॉन टेप, वायसरची पुडी आणि मशीन ऑइलची छोटी बाटली. ज्याच्या घरी यातलं काही आहे, त्याने ते वगळून घ्यावं.

सध्या दुकान मी आणि धाकटा भाऊ बघतो. अण्णा संध्याकाळी येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला काम विचारायचं काम अजून त्यांचंच आहे. गणपतीच्या आधीचा आठवडा आमचा सगळ्यात गर्दीचा. बंद घराचं कुलूप उघडत नाही ही पहिली तक्रार असते, आणि दहातल्या नऊ वेळा त्यात कुणीतरी खोबरेल ओतलेलं असतं. खोबरेलावर धूळ बसते आणि थंडीत ते गोठतं. कुलपाला ग्रॅफाइटची पूड लागते. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किसून किल्लीला फासायचं.

गर्दीच्या दिवसांत येणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. जुना वायसर, तुटलेला स्क्रू, नट, जे निघालं असेल ते खिशात घालून आणा. निघत नसेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे मापाचा अंदाज येतो. भिंत चिऱ्याची की काँक्रीटची ते बघून या. आणि पाण्याचं काम असेल तर टाकीचा कॉक फिरतो का, हे नळ खोलायच्या आधी तपासा. बंद घरांत तोच सगळ्यात आधी जाम झालेला असतो, आणि त्याला कुठला पाना लावायचा हे आम्हाला तो बघितल्याशिवाय सांगता येत नाही.