चौकोनी गाठ की गोल? सहा गायींचा हिशेब

सिन्नर तालुक्यात आमचा गोठा. सहा गायी, म्हणजे रोज 30 किलोच्या आसपास कोरडी वैरण हवीच. आमच्याकडं पाऊस बेताचा, म्हणून दिवाळी उरकली की घोटी-इगतपुरीकडून भाताचा पेंढा आणायचा, ही वडिलांपासूनची रीत. पूर्वी सुटा यायचा, आता बेलरच्या, म्हणजे पेंढा दाबून बांधणाऱ्या मशीनच्या, गाठी मिळतात.

मागच्या वर्षी गोल गाठी घेतल्या. नगामागे 10 रुपये कमी, तेवढंच पाहिलं. घरी काट्यावर टाकल्या तर एक 18 किलोची, दुसरी 13 ची! शिवाय पिकअपमध्ये गोलांच्या मधे पोकळी राहते, त्यामुळे भाडं हवेचंही भरलं.

गंजी अंगणातच लावली. ‘गोल गाठीवरून पाणी निथळून जातं,’ असं विकणारा म्हणाला होता. पुरुषभर उंचीच्या मोठ्या गाठींना ते थोडंफार लागू पडतं. आमच्या गाठी जेमतेम 2 फूट व्यासाच्या. बाहेरून चौफेर दोनच इंच भिजलं, तरी जवळजवळ तिसरा हिस्सा माल जातो. हे गणित मी अवकाळी पाऊस पडून गेल्यावर मांडलं. काही गाठी तर आतूनच गरम लागत होत्या. सोडल्या तर पांढरी बुरशी. गायींनी नुसतं हुंगलं नि मान फिरवली.

यंदा लटकता काटा सोबत नेला. ओला पेंढा बांधला की गाठ आतून तापते, म्हणून बेलरवाल्याला पहिलाच प्रश्न, “दादा, सकाळी मशीन किती वाजता लावता?” “दव उडाल्याशिवाय नाही, दहा तरी वाजतातच,” तो म्हणाला. मग गाठीत कोपरापर्यंत हात खुपसला. गार, कोरडं. चौकोनीच घेतल्या, 15 किलोच्या आतबाहेर, पण नगावर नाही, वजनावर.

सुख खरं आईला झालं. गोल गाठ वळकटीसारखी उलगडत बसावी लागायची, सुतळीचे वेढेही मोजावेत तेवढे. चौकोनीला दोनच दोऱ्या. कापल्या की पेंढ्याचे थर सुटे होतात, गव्हाणीत कुणाला किती ते डोळ्यांनीच कळतं. दोऱ्या लगेच खिळ्याला अडकवतो. प्लॅस्टिकच्या असतात, गायीच्या पोटात गेल्या तर गोळा होऊन बसतात.

आता गंजी पत्र्याखाली, बांबूंच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर दूर लावलीय. जागेसाठी माझी जुनी मोटारसायकल मात्र बाहेर काढावी लागली.