तुम्ही विचारलंत म्हणून: किती पायऱ्या?

"तुम्ही दोघं कधी भांडत नाही का हो?" हळदीकुंकवाला एखादी नवी सून मला हमखास विचारते. भांडतो की! पण अडचणीत एकमेकांशी बोलायचं कसं, ते लग्नाला २६ वर्षं झाल्यावर कळलं, तेही पुराच्या पाण्यात.

२०२४ च्या गोकुळाष्टमीला बडोद्यात पाऊस थांबेचना. त्यात आजवा धरणातून सोडलेलं पाणी. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. आमचं टेनामेंट, म्हणजे माडीचं घर, समा भागात. सुंठवडा वाटीतच राहिला आणि आम्ही गहू, गाद्या, सासूबाईंची औषधं माडीवर न्यायला लागलो. लाइट गेलेले. मी सारखी विचारायची, "पाणी कुठवर आलं?" आणि ह्यांचं एकच, "काही होत नाही गं."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. मुलगा तापानं फणफणला तेव्हा, ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हाही. ऐकलं की वाटतं, हा माणूस एक तर लपवतोय, नाहीतर मला खुळी समजतोय. त्या रात्री मी गव्हाचा डबा जिन्यातच आदळला. "धीर नको, पायरी सांगा!"

हे टॉर्च घेऊन वाकले. "तिसरी बुडाली. चौथी कोरडी आहे." मग जरा थांबून, "मलाही भीती वाटतेय."

आणि मी चक्क शांत झाले. तिसरी बुडाली म्हणजे फ्रिज गेला, त्याचा नाद सोडायचा. आधी औषधं आणि घराचे कागद. पुढे रात्रभर हे पायरी सांगत होते आणि मी सामान उचलत होते.

जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सांगतात, भांडताना नाडी शंभरावर गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. निदान २० मिनिटं बाजूला व्हा. ह्या अवस्थेला ते 'फ्लडिंग' म्हणतात, म्हणजे पूरच. सल्ला बरोबर असेल, पण जिन्यातून बाजूला होणार कुठे? खाली विश्वामित्रीतल्या मगरी! (पुरात त्या सोसायट्यांत शिरतात, हे बाहेरगावच्यांना खोटंच वाटतं.)

मध्यंतरी ह्यांच्या छातीत दुखत होतं, तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन बाहेर आले ते मी विचारायच्या आतच म्हणाले, "दुसरी पायरी. गोळ्यांवर भागेल."

"आणि साखर?"

हे चप्पल शोधायला लागले. "चौथीला टेकलीय."