ऑटोफोकसची जुळवणी करण्यापूर्वी

पोर्ट्रेटमध्ये डोळ्याऐवजी कानाची पाळी रेखीव आली, की दोष लगेच लेन्सवर ढकलला जातो. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, बाबतीत ही शंका अगदीच निराधार नसते. मुख्य आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. हे अंतर आणि चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचे अंतर यांत केसभर तफावत राहिली, तरी कॅमेरा फोकस जुळल्याची ग्वाही देतो आणि फोटोतला फोकस मात्र पुढे (कॅमेऱ्याकडे) किंवा मागे (कॅमेऱ्यापासून दूर) सरकलेला निघतो. ही तफावत भरून काढण्यासाठी कॅनन आणि निकॉन यांनी २००७ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांत उणे २० ते अधिक २० अशी जुळवणीची सोय दिली.

मात्र ही जुळवणी फक्त एकाच बाजूला होणारी चूक सुधारते, आणि नेमके हेच बहुतेक जण तपासत नाहीत. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, अपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवावे, मधला एकच फोकस बिंदू निवडावा आणि सेन्सरला समांतर असे ठळक लक्ष्य फोकल लेंथच्या (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याच्या) सुमारे ५० पट अंतरावर, म्हणजे ८५ मिमीसाठी सव्वाचार मीटरवर, उभे करून त्याच्या बाजूला तिरकी मोजपट्टी ठेवावी. प्रत्येक फोटोपूर्वी लेन्सवरची फोकस रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवावा, कधी जवळच्या टोकाला तर कधी अनंताकडे. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे आरसा वर करून चित्राच्या सेन्सरवरूनच फोकस साधून, काढलेल्या फोटोशी तुलना केल्यावर सगळे फोटो पुढेच सरकलेले दिसले, तर आकडा अधिककडे न्यावा. मागे सरकलेले असतील, तर उणेकडे. फोटो कधी पुढे, कधी मागे जात असतील, तर कोणताच आकडा कामाचा नाही. तेव्हा मंद प्रकाश किंवा, पोर्ट्रेटमध्ये, हललेली व्यक्ती हे कारण शोधावे. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ १.८ अपर्चर आणि दीड मीटर अंतर असताना स्पष्टतेची खोली, म्हणजे रेखीव दिसणारा पट्टा, जेमतेम तीन सेंटिमीटर असते, आणि तेवढे तर माणूस नुसता उभ्याउभ्या डोलतो.

झूम लेन्सला एकच आकडा देता येत असेल, तर मी तो लांबच्या टोकासाठी, म्हणजे सर्वांत जास्त झूमसाठी, ठरवतो, कारण चूक तिथेच अधिक उघडी पडते. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकस चित्राच्या सेन्सरवरूनच ठरत असल्याने ही खटपट सहसा करावी लागत नाही. आकडा २० च्या आसपास पोहोचूनही फोटो सुधारत नसेल, तर लेन्स आणि कॅमेरा दोन्ही एकत्रच सर्व्हिस सेंटरला द्यावेत.