इहिदे सितैन मया व अलफ

मंगळवार, रात्र.

आज मोडी लिपीच्या वर्गात सरांनी फळ्यावर एका जुन्या पत्रातली सनाची ओळ उतरवली: सु॥ इहिदे सितैन मया व अलफ. हा सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत वापरली जाणारी जुनी कालगणना. आकडे अरबी, आणि एककापासून सुरू होणारे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०. जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्र लागताना बदलतं. म्हणजे १७६० चा पावसाळा ते १७६१ चा उन्हाळा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, याच सालातली. शाळेपासून पाठ असलेलं ते साल आज पहिल्यांदा, कारकून लिहायचा तसं माझ्या हाताने वहीत उतरलं. घरी येईपर्यंत बसमध्ये ती ओळ मनातल्या मनात घोकत होते.

निवृत्तीनंतर मी काही शिकते म्हटलं की लोक मायेने विचारतात, "वेळ चांगला जातो ना?" मला ते मनापासून पटत नाही. वेळ घालवायला घरात पुष्कळ कामं आहेत. मला हे यायला हवं आहे, म्हणून मी जाते.

मोडी सोपी नाही. आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. त्यात जागोजागी संक्षेप. एकाच अक्षराची वळणं शिवकाळात वेगळी, पेशवाईत वेगळी, इंग्रजी अमदानीत आणखी वेगळी. शेजारच्या बाकावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा बसतो. अक्षरं त्याला माझ्याआधी ओळखू येतात, आणि एकदा पाहिलेलं वळण तो विसरत नाही. माझं तसं नाही. काल पक्कं झालेलं आज निसटतं.

पण सलग ओळ वाचायची वेळ आली की चित्र पालटतं. परवा एका हिशेबाच्या कागदावर तो सगळी अक्षरं नीट लावून अडला होता, शब्द कुठे तोडायचा ते कळेना. मी म्हटलं, "अरे, हे धान्याचं माप आहे. खंडी, मण, पायली." चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, आमच्या आजीच्या तोंडी हे रोज असायचं. बलुतं, गावठाण, सुगी, खळं, पोटखराबा हे शब्द मी ऐकत वाढले. त्यामुळे पुढे कोणता शब्द यायला हवा याचा अंदाज मला आधी येतो आणि अक्षरं मागाहून त्याला दुजोरा देतात. "काकू, तुम्ही सांगा, मी लिहितो," असं तो आता हक्काने म्हणतो. म्हातारपणी नवं पाठ व्हायला वेळ लागतो हे खरंच. पण साठलेलं भांडार मोठं असतं, आणि शिकायला लागल्याशिवाय ते उघडत नाही. मला सगळ्यांना हेच ओरडून सांगावंसं वाटतं.

अभ्यासाची रीतही बदलली मी. नुसतं गिरवत बसत नाही. कागद झाकून आठवेल ते लिहायचं, मग ताडून पाहायचं. चार दिवसांनी पुन्हा तेच. आठवायला जेवढं झटावं लागतं, तेवढं ते पक्कं होतं.

शिकलं की विसरभोळेपणा टळतो, असा मंत्र मात्र मी कुणाला देणार नाही. स्मृतिभ्रंशाबद्दलचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजतो. त्यात लहानपणचं अपुरं शिक्षण आहे, तसंच उपचार न केलेलं कमी ऐकू येणं आणि कमी दिसणंही आहे. रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा आहेतच. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नसतं तर बोरूचे बारीक फाटे मला कुठे दिसले असते? वर्गातले एक काका कानाचं यंत्र लावायला लागल्यापासून प्रश्न विचारू लागले आहेत. आई-वडिलांना वर्गात पाठवायचं असेल तर आधी त्यांचे डोळे-कान तपासून घ्या, एवढं मी मुलांना कळकळीने सांगेन.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, नव्वदीकडे झुकलेल्याही आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे बसल्या. लहानपणी ज्यांना शाळा दिसलीच नाही, त्यांनी ती या वयात मिळवली. त्यांच्यापुढे माझी मोडी म्हणजे चैन आहे, याची मला जाणीव आहे. तरी आमचं काम निरुपयोगी नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरलेत ते सगळ्यांना कळलं. गावोगावच्या नोंदी, वाटणीपत्रं, कर्जरोखे अजून कपाटांत पडून आहेत.

आमच्याच सोसायटीत एकांकडे घरच्या कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा आहे. रविवारी तो सोडायचा ठरलंय. मी आणि तो मुलगा जाणार. आधी प्रत्येक कागदाचा फोटो, मग पेन्सिलीने क्रमांक, मग वाचन. सुहूर सनाची आकड्यांची यादी उद्या पुन्हा झाकून लिहून काढते; सबैन (सत्तर) आणि समानीन (ऐंशी) माझे अजून एकमेकांत मिसळतात.